इंग्रजीच्या तासाला मुलाचं स्वतःचं वाक्य कुठे जातं?

निरेकाठ | रविवार, रात्री ९.४०

"माय ग्रँडमदर हँड इज स्मेल ओनियन."

नववीतल्या एका मुलीनं १९९४ साली लिहिलेलं हे वाक्य मला आजही तिच्या अक्षरासकट आठवतं. निबंधाचा विषय 'माय ग्रँडमदर'. लोणंद-फलटण पट्ट्यातली मराठी माध्यमाची शाळा, वर्गात ५४ मुलं. लोणंदला कांद्याचा मोठा बाजार आहे. या मुलीची आजी वखारीत कांदा निवडायला जायची. घरी येऊन हात कितीही धुतले तरी वास जायचा नाही, आणि त्याच हातानं ती नातीला भाकरी मोडून द्यायची. हे सगळं मला फार नंतर कळलं. वहीत होतं ते एवढं एकच वाक्य.

मी काय केलं? 'ग्रँडमदर'ला षष्ठीचा एस जोडला, 'इज' खोडलं, 'स्मेल' सुधारलं, 'ऑफ' घातलं. चार लाल खुणा. खाली शेरा मारला, 'फळ्यावरचा निबंध पाठ करणे.' फळ्यावर मीच घातलेली आजी धार्मिक होती, पहाटे उठून देवळात जायची आणि नातवंडांना बोधपर गोष्टी सांगायची. सहामाहीत त्या मुलीनं ती फळ्यावरची आजी जशीच्या तशी उतरवली. मी १० पैकी ८ गुण दिले. पुढे वर्षभर तिच्या वहीत तिचं स्वतःचं वाक्य मला दिसलं नाही.

५४ वह्यांमध्ये खरी आजी एकच होती आणि तिला मी घालवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हे मनातून जात नाही.

मला स्वतःला शिकवणारे सर वेगळे होते. माझ्या काकांच्या वेळी इंग्रजी आठवीपासून होतं, मला पाचवीपासून. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, व्याकरण तिच्यातून घोटून घेतलेलं. नववीत वर्ड्स्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता आली. आमच्यापैकी कुणी ते फूल पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. सरांनी चित्रसुद्धा दाखवलं नाही. विचारलं, "डोळे मिटल्यावर पुन्हा दिसतं असं तुम्ही काय पाहिलंय?" कुणी फुललेलं करडईचं रान म्हणालं, कुणी वारीत नीरेच्या पुलावरून दिसणाऱ्या पताका. माझ्या शेजारचा म्हणाला, बैल विकला त्या दिवशीचा रिकामा गोठा. सर म्हणाले, आता हे पाच ओळींत इंग्रजीत लिहा, शब्द अडला तर मराठी घाला. गोठ्याला इंग्रजी शब्द त्याला आला नाही, त्यानं 'गोठा'च लिहिलं. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. ती कविता कशाबद्दल आहे, म्हणजे पाहिलेलं मनात राहतं आणि एकटं असताना परत येतं, हे मला त्या रिकाम्या गोठ्यामुळे कळलं.

असे सर लाभूनही मी फळ्यावरची आजी शिकवली. अभ्यासक्रम संपवायचा, निकाल लावायचा, ही कारणं खरीच आहेत, पण ती मला पुरत नाहीत.

पाठ्यपुस्तकात मानवी मूल्यं नाहीत असं कुणी म्हणू नये. करुणा, समता, धैर्य, निसर्गप्रेम, सगळ्यांवर धडे आहेत आणि पुष्कळ चांगले आहेत. पण धड्याखाली प्रश्न येतो, 'या धड्यातून तुम्ही काय शिकलात?', आणि त्याचं उत्तर गाईडात छापलेलं असतं. दयेवरचं तयार उत्तर पाठ करून दया शिकता येते यावर माझा विश्वास नाही. मुलाच्या आजीला त्या भाषेत बसायला जागा मिळते का, यावर त्या तासाचं माणूसपण ठरतं असं मला वाटतं. तुमचे अनुभव सांगाल का? शिक्षकांनी तर जरूर लिहा.

सोनकी | रविवार, रात्री १०.२५

सर, माझा मुलगा गेल्या वर्षी दहावी झाला. कवितेवर ५ गुणांचा 'अ‍ॅप्रिसिएशन'चा प्रश्न असतो. कवितेचं नाव, कवी, यमकरचना (दोन-दोन ओळींचं यमक असेल तर 'एएबीबी'), अलंकार, मध्यवर्ती कल्पना, असे मुद्दे. शिकवणीत प्रत्येक कवितेचं रसग्रहण तयार करून दिलं होतं. शेवटच्या मुद्द्यात 'ही कविता मला का आवडली' असं लिहायचं होतं, तेसुद्धा पाठ. मी त्याला एकदा विचारलं, तुला खरंच आवडली का? तो म्हणाला, "आई, तसा विचार नाही केला. एएबीबी आहे."

पोरगा हुशार आहे, संवेदनशील आहे, घरी मांजर मेलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. आवडण्याचंही उत्तर तयार मिळतं हे त्यानं इतक्या सहज मान्य केलंय, याचं मला वाईट वाटतं.

वस्तीवरचा | सोमवार, सकाळी ७.१०

असहमत. सविस्तर लिहितो, सरांनी राग मानू नये.

माझे वडील मॅट्रिकला इंग्रजीत तीन वेळा नापास झाले. बाकी सगळे विषय सुटले होते. चौथ्यांदा फॉर्म भरायला पैसे नव्हते, म्हणून ते हमाल झाले. आमच्या वस्तीत असे चार तरी बाप होते. त्यामुळे 'पूर्वीचे सर किती छान शिकवायचे' ही आठवण ऐकली की मला आधी आठवतात ते त्या वर्गातून बाहेर पडलेले लोक.

ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तकं आहेत, मामा पुण्याला कंपनीत आहे, त्याला 'चुकलं तरी चालेल, मनातलं लिही' परवडतं. त्याची चूक घरी दुरुस्त होते. आमची चूक दुरुस्त करणारा एकच माणूस, वर्गातला मास्तर. तुम्ही त्या मुलीच्या वाक्यात चार खुणा केल्या, ते तुमचं कामच होतं. 'स्मेल्स ऑफ' असतं हे तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार होतं?

आमच्यासाठी इंग्रजी आणि माणुसकी यांचं नातं यमक-अलंकारातून आलेलं नाही. जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं लिखाण वाचलं. १८७३ साली 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि ती अर्पणपत्रिका इंग्रजीतही लिहिली. ज्या माणसांना कधी पाहिलं नाही त्यांना 'शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी आमच्या लोकांनी तुमचा कित्ता गिरवावा' असं त्यांच्या भाषेत कळवलं. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माऊली म्हटलंय. त्यांना भाषा हातात हवी होती, पक्की, व्याकरणासकट. आधी ती द्या. सर्जनशीलता आमची पोरं त्यानंतर स्वतःच करतील.

निरेकाठ | सोमवार, सकाळी ८.०५

राग कसला, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. वडिलांबद्दल वाचून थांबावं लागलं. माझ्याच वर्गातून अशी मुलं गेली, त्यांची नावं मला येतात.

चूक सुधारायला नको होती असं मी म्हणत नाही. 'स्मेल्स ऑफ' शिकवायलाच हवं होतं. पण मी ते शिकवलं आणि त्याच शेऱ्यात तिला आजी बदलायला सांगितली. मला बोचतं ते हे दुसरं. व्याकरण सुधारूनही कांद्याचा वास तिथे राहू शकत होता.

जुनी_पाटी | सोमवार, दुपारी १.३०

वस्तीवरचा यांनी फुले दाम्पत्याचं नाव काढलं म्हणून आठवण देते. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो मराठीत आहे, इंग्रजीच्या तासाचा नाही. पण शाळकरी मुलीनं निबंधात स्वतःच्या लोकांचं दुःख, स्वतःचा राग आणि देवाधर्माला विचारलेले थेट प्रश्न लिहिले. फळ्यावरून उतरवलेलं त्यात काही नाही. तिला व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकांनीच तिला हे लिहूही दिलं. म्हणजे 'आधी व्याकरण, सर्जनशीलता नंतर' असा क्रम खुद्द फुल्यांच्या शाळेतही दिसत नाही.

आता इंग्रजीबद्दल. १८३५ चा मेकॉलेचा खलिता सगळ्यांना माहीत असतो, सरकारी कामाला उपयोगी पडणारा एक वर्ग तयार करायचा वगैरे. पण त्या शिक्षणाचं इथल्या माणसांनी काय केलं हे त्याहून मोठं आहे. पुण्यात १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघालं. तिथे शिकवणाऱ्या आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' म्हणून आणलं. वर्गात इंग्रजी शिकवणारा माणूस संध्याकाळी त्याच भाषेतलं नाटक आपल्या भाषेत घडवत बसतो, यातून विद्यार्थ्यांना काय मिळत असेल याचा विचार करा. त्याच शाळेत केशवसुत शिकले. पुढे तेही मास्तर झाले, फैजपूरला, मग धारवाडला. इंग्रजी सॉनेट वाचून त्यांनी मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आणलं आणि मराठी कवितेचं वळणच बदललं.

सर्जनशील इंग्रजी शिक्षणाचा तो सगळ्यात मोठा पुरावा आहे असं मी मानते, आणि तो मराठीत आहे. इंग्रजीच्या तासाला पडलेलं बी मायभाषेत उगवलं. आज आपण दोन तासांमध्ये भिंत घातली आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की दंड करणाऱ्या शाळा मी पाहिल्यात.

थेम्सपार | सोमवार, रात्री ११.५० (भारतीय वेळ)

मी इंग्लंडमध्ये १६ वर्षं आहे, दोन मुली इथल्या सरकारी शाळेत. तुम्हाला वाटेल की ज्यांची भाषा आहे त्यांच्याकडे हा प्रश्न नसेल. आहे, आणि तोच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर १९२१ मध्ये इथे न्यूबोल्ट समितीचा अहवाल आला. इंग्रजी हा विषय सगळ्या थरांतल्या मुलांना माणूस म्हणून जोडणारा असावा, अशी त्यातली भूमिका. १९६६ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजी शिक्षक-अभ्यासक अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जवळजवळ महिनाभर एकत्र बसले. मुलाचा अनुभव, त्याची वाढ आणि त्याची बोली यांना वर्गाच्या मध्यभागी आणण्याचा विचार तिथून जोरात पसरला. साठ-सत्तरच्या दशकात शिकलेले माझे शेजारी सांगतात, शाळेत नुसतं लिहायला मिळायचं. आणि तेच पुढे सांगतात, विरामचिन्हं मात्र कुणी धड शिकवली नाहीत. वस्तीवरचा यांचा मुद्दा इथल्या कामगार वस्त्यांतले लोकही मांडतात.

मग लंबक दुसरीकडे गेला. १९८८ च्या कायद्यानं राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. २०१३ पासून सहावीच्या मुलांना स्पेलिंग, विरामचिन्हं आणि व्याकरणाची वेगळी परीक्षा. माझी थोरली दहा वर्षांची असताना प्रत्येक गोष्टीची सुरुवात क्रियाविशेषणानं करायची, कारण तसं केलं की खूण मिळते. "घाबरत घाबरत, कुत्रा आला. हळूच, कुत्रा बसला." कुत्रा आमचा होता, म्हातारा, तिचा लाडका, पण त्या लिखाणात तो कुठेच नव्हता.

सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून १५ कवितांतल्या ओळी पाठ कराव्या लागतात. सोनकीताई, तुमच्या मुलाचं वाचून मला माझी मुलगी दिसली.

डॅफोडिलबद्दल एक सांगायचंय. कवी म्हणतो मी ढगासारखा एकटा भटकत होतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ ला त्याच्यासोबत बहीण डोरोथी होती आणि तिनं त्या फुलांचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. कविता १८०७ मध्ये छापली. धाकटीच्या बाईंनी वर्गात दोन्ही शेजारी ठेवून वाचले आणि विचारलं, बहिणीला कवितेतून का वगळलं असेल? चाळीस मिनिटं मुलं भांडत होती. एक मुलगी म्हणाली, आठवण नेहमी एकट्यालाच येते, म्हणून. दुसरी म्हणाली, हे अन्यायाचं आहे. त्याच अभ्यासक्रमात, त्याच परीक्षेच्या वर्षी हा तास झाला. म्हणून मला वाटतं, शिक्षकाच्या हातात थोडी जागा उरतेच.

दोन_वर्ग_एक_बाई | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

जिल्हा परिषद शाळा, दोन शिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र.

इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. तेव्हा मी स्वतः शाळेत होते. आमच्या बाई आदल्या रात्री धडा पाठ करून यायच्या. त्यांना कुणी नीट तयारच केलं नव्हतं, त्यात त्यांचा दोष नाही. मलाही फारसं येत नव्हतं, नोकरी लागल्यावर शिकले.

माझा अनुभव असा की मुलांना आधी मराठीत, त्यांच्या बोलीत भरपूर बोलू दिलं की इंग्रजी अडत नाही. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाबद्दल मी ऐकलं, वाचलं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून येऊन तिथल्याच झाल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी संशोधन केलं. मुलाची घरची भाषा म्हणजे चूक नव्हे, हे मी त्यांच्या कामातून घेतलं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजनआनंद विद्यालयाबद्दलही वाचलंय. या शाळांकडे होतं ते स्वातंत्र्य मला नाही, पण रोज वीस मिनिटं माझी आहेत.

त्या वीस मिनिटांत एकच करते. एक मूल घरची एक गोष्ट सांगतं, मराठीत. मग सगळे मिळून तिचं एक इंग्रजी वाक्य करतो. फळ्यावर मी लिहिते, पण शब्द त्यांचे. गेल्या आठवड्यात ऊसतोडीवरून परतलेल्या मुलानं सांगितलं की कोपीत रात्री पाणी आलं आणि आईनं त्याला गाडीवर झोपवलं. वाक्य झालं, 'वॉटर केम इन अवर कोपी. मदर पुट मी ऑन द कार्ट.' 'कोपी'ला काय म्हणायचं यावर बराच वेळ गेला. 'हट' शब्द मी सुचवला. तो म्हणाला, हट चित्रातली असते, आमची कोपी. ठेवलं तसंच. आणि 'पुट' हा भूतकाळातही 'पुट'च राहतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कायमचं कळलं.

जुनी_पाटी | मंगळवार, रात्री ८.४०

बाई, तुम्ही करता त्याला अभ्यासाचाही आधार आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांमध्ये प्रकल्प केला होता. साध्या शाळा, साधी मुलं. व्याकरणाचा धडा न देता रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काही समोर ठेवायचं आणि मुलांनी विचार करून उत्तर काढायचं. मन अर्थामध्ये गुंतलं की भाषेची घडण मागून येते, हे त्यांचं म्हणणं. जगभर हे नाव घेतलं जातं, आपल्याकडच्या डी.एड.च्या वर्गात मात्र मी ते क्वचितच ऐकलं.

सोनकी | मंगळवार, रात्री ९.३०

एक नवी अडचण मांडते. धाकटी सातवीत, सीबीएसईला. 'माय ग्रँडमदर' हाच विषय तिलाही होता, तीस वर्षांनंतर! तिनं मोबाईलवरच्या चॅटबॉटला सांगितलं. अर्ध्या मिनिटात निबंध तयार, एकही चूक नाही. त्यातली आजी प्रेमळ, शहाणी, चेहऱ्यावर सुरकुत्या, डोळ्यांत माया. माझी आई, म्हणजे तिची आजी, एसटीत कंडक्टर होती. त्यातलं अक्षरही नाही. शाळेत पूर्ण गुण मिळाले.

मी तिला सरांचं ते कांद्याचं वाक्य वाचून दाखवलं. ती हसली नाही. थोड्या वेळानं विचारलं, आजीकडे तिकिटाची पेटी अजून आहे का?

वस्तीवरचा | बुधवार, सकाळी ७.००

तीन दिवस वाचतोय. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. परीक्षा आहे तोवर माझ्या पोरांना परीक्षेचं इंग्रजी यायलाच हवं आणि ते शिकवणाऱ्याचे मी पाय धरीन. मुक्ता साळवेंचा मुद्दा मात्र मान्य, तिथे मी घाईनं लिहिलं.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. मला दहावीला इंग्रजीत ६१ पडले, वस्तीत पहिला. रात्रशाळेतले एक सर होते. माझं वाक्य ते कधी खोडायचे नाहीत. त्याखाली शिसपेन्सिलीनं बरोबर वाक्य लिहायचे आणि म्हणायचे, "दोन्ही वाच. वरचं तुझं, खालचं पेपरात लिहायचं." वडिलांच्या हमालीवर मी लिहिलं होतं, 'माय फादर बॅक इज टू रोड.' पाठीवर दोन गोणींच्या दोन वळ्या पडलेल्या, त्या मला दोन रस्त्यांसारख्या दिसायच्या. सरांनी खाली लिहिलं, 'देअर आर टू रोड्स ऑन माय फादर्स बॅक.' ती वही माझ्याकडे आहे. वडिलांना मी दोन्ही वाक्यं मराठीत सांगितली होती. त्यांनी शर्ट काढून आईला विचारलं, खरंच दिसतात का गं?

निरेकाठ | बुधवार, सकाळी ७.२०

शिसपेन्सिल. इतकी साधी गोष्ट मला एकतीस वर्षांत सुचली नाही.

ती मुलगी आता कुठे आहे ते मला माहीत आहे, तालुक्याच्याच गावी. शनिवारी बाजाराला जाईन तेव्हा तिच्या घरी जाऊन येतो. आजीचं नाव काय होतं तेही विचारायचं राहून गेलंय.